द्रौपदीची हाक आणि ‘प्रक्षिप्त’ हा शब्द

मूळ लेख

महाभारताच्या सभापर्वातील द्रौपदी-वस्त्रहरणावरील एका व्याख्यानानंतर श्रोत्यांतील एका वयस्कर बाईंनी विचारले, “म्हणजे कृष्ण आलाच नाही का हो?” वक्त्यांनी “तो भाग प्रक्षिप्त आहे”, म्हणजे मूळ पाठात नंतर घातलेला आहे, एवढेच सांगून पुढचा प्रश्न घेतला आणि बाई गप्प बसल्या. वक्त्यांचे विधान माझ्या मते बरोबर होते, परंतु त्यामागचा आधार सांगण्याचे कष्ट त्यांनी घ्यायला हवे होते. तो आधार येथे मांडतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली आवृत्ती, 1966 मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी बाराशेहून अधिक पोथ्या पाहिल्या गेल्या. पाठ जुळवण्याची रीत अशी की चौकोन आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत श्लोक एकेका अक्षराने मांडायचा आणि त्याखाली प्रत्येक पोथीतील फरक त्या त्या अक्षराच्या चौकोनात नोंदवायचा. अमेरिकन संस्कृतज्ञ फ्रँकलिन एजर्टन यांनी या आवृत्तीसाठी संपादित केलेल्या सभापर्वात, 61 व्या अध्यायात, वस्त्रहरणाचा प्रसंग दोन श्लोकांत आटोपतो. दुःशासन भरसभेत वस्त्र ओढू लागतो आणि लगेच ‘तद्रूपमपरं वस्त्रं प्रादुरासीदनेकशः’, म्हणजे तसेच दुसरे वस्त्र पुन्हा पुन्हा प्रकट होते. ते कोणी दिले, याबद्दल संहितेत एक शब्दही नाही. ‘गोविन्द द्वारकावासिन्’ ही द्रौपदीची, सर्वांच्या ओठांवरची प्रार्थना तळटीपेत गेली आहे, कारण ती सर्व पोथ्यांत नाही आणि आहे तेथेही सारखी नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, महाभारताचा अभ्यासक म्हणून जो बोलतो त्याने ही प्रार्थना नंतरची आहे हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. श्रोत्याला वाईट वाटेल म्हणून ते दडवणे हा त्या श्रोत्याचाच अनादर आहे.

पहिला प्रतिसाद

आपण चिकित्सक आवृत्तीचा आधार घेतला आहे, तर तीच आवृत्ती आणखी पुढे वाचावी अशी विनंती आहे. उद्योगपर्वाच्या 58 व्या अध्यायात संजय धृतराष्ट्राला कृष्णाचे शब्द सांगतो:

‘ऋणमेतत्प्रवृद्धं मे हृदयान्नापसर्पति ।
यद्गोविन्देति चुक्रोश कृष्णा मां दूरवासिनम् ॥’

मी दूर असताना द्रौपदीने ‘गोविंदा’ असा आक्रोश केला, ते ऋण वाढतच गेले आहे आणि माझ्या हृदयातून ते हलत नाही, असे स्वतः कृष्ण म्हणतो. हा श्लोक तळटीपेत नसून मुख्य संहितेत आहे. मग सभापर्वातील हाक प्रक्षिप्त आणि उद्योगपर्वातील तिची आठवण अस्सल, हे कसे जमते? सभापर्वाच्या जुन्या पाठात ती हाक असावी आणि पोथ्यांच्या प्रवासात गळली असावी, असे मानायला जागा आहे. पोथ्यांत फक्त भरच पडते आणि काहीच गळत नाही, हे गृहीतक मला मान्य नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

हा श्लोक मी विचारात घ्यायला हवा होता, हे मान्य करतो. मात्र त्यात काय आहे आणि काय नाही, हे बारकाईने पाहू. हाक आहे, पण धावून येणे नाही. ऋण फेडले असे कृष्ण म्हणत नाही. ते वाढले असे म्हणतो. त्याने वस्त्रे पुरवली असती, तर ऋण कसले राहिले असते?

याला वनपर्वाची जोड द्या. काम्यकवनात कृष्ण भेटायला येतो तेव्हा द्रौपदी रडत म्हणते, ‘नैव मे पतयः सन्ति न पुत्रा मधुसूदन । न भ्रातरो न च पिता नैव त्वं न च बान्धवाः ॥’ मला पती नाहीत, पुत्र नाहीत, भाऊ नाहीत, पिता नाही, आप्त नाहीत आणि तूही नाहीस! ज्याने काही दिवसांपूर्वी भरसभेत लाज राखली, त्याला कोणी ‘नैव त्वम्’ म्हणेल का? कृष्णही ‘मी आलो होतो’ असे उत्तर देत नाही. शाल्वाशी युद्धात गुंतलो होतो, द्वारकेत असतो तर हे संकट आलेच नसते, असे तो युधिष्ठिराला सांगतो. हाक जुनी असू शकते, एवढी दुरुस्ती मी करतो. कृष्णाचे धावून येणे नंतरचे आहे, या मतावर मी ठाम आहे.

दुसरा प्रतिसाद

मी कीर्तनपरंपरेतला माणूस आहे आणि माझा आक्षेप मुळाशीच आहे. चिकित्सक आवृत्तीतील पाठ जसाच्या तसा कोणत्याही एका पोथीत नाही. तो अनेक पोथ्यांवरून विसाव्या शतकात सिद्ध केलेला आहे. याउलट मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे असलेल्या नीलकंठ चतुर्धरांनी सतराव्या शतकात काशीत बसून ज्या पाठावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली, तो लोकांनी खरोखर वाचला, ऐकला आणि त्यावर आयुष्य बेतले. काम चालू असतानाच सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच पंडितांनी सुचवले होते की नीलकंठांचाच पाठ छापावा आणि पाठभेद सोबत द्यावेत. मला ती सूचना आजही योग्य वाटते.

शिवाय त्या प्रचलित पाठातही ‘ततस्तु धर्मोऽन्तरितो महात्मा’ असे आहे. गुप्त राहून वस्त्रांनी झाकणारा तेथे धर्म आहे. आमच्या परंपरेने त्या धर्मात कृष्ण पाहिला, आणि तो अर्थ लावण्याचा अधिकार तिला आहे. ‘प्रक्षिप्त’ म्हटले की ऐकणाऱ्याला ‘खोटे’ असेच ऐकू येते. त्या बाईंनाही तसेच ऐकू आले असणार.

मूळ लेखकाचे उत्तर

‘प्रक्षिप्त’ आणि ‘खोटे’ यांतील फरक त्या वक्त्यांनी सांगितला नाही, ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे आणि मूळ लेखात मीही तो पुरेसा सांगितला नाही. पोथ्यांच्या साक्षीवरून ठरणारा काळाचा क्रम एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक वि. स. सुकथनकर यांनी व्यासांचा मूळ पाठ सापडल्याचा दावा कधीच केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून मागे जाता येईल तितका जुना पाठ, एवढेच त्यांचे उद्दिष्ट होते, आणि जेथे खात्री कमी तेथे या आवृत्तीत शब्दांखाली नागमोडी रेघ आहे. इतका प्रामाणिकपणा मी फार थोड्या ग्रंथांत पाहिला आहे.

लेव्हींची सूचना मात्र मला पटत नाही. नीलकंठांचा पाठ हा त्यांच्या काळातला, त्यांनी निवडलेला पाठ आहे. तो वर आणि बाकी सारे खाली ठेवले असते, तर काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथ्या आणि केरळच्या मल्याळम लिपीतल्या पोथ्या जेथे एकमुखाने बोलतात, ते आपल्याला कधी दिसलेच नसते. आपण कीर्तनात प्रार्थना जरूर म्हणावी. मीही ती ऐकायला येईन. ‘व्यासांनी असे लिहिले’ हे वाक्य मात्र तिच्याआधी नसावे.

दुसरा प्रतिसाद, पुन्हा

ते वाक्य मी सोडणार नाही. आमच्याकडे व्यास हे एका माणसापुरते नाव नाही. आजही पुराण सांगणारा ज्यावर बसतो त्याला आम्ही व्यासपीठच म्हणतो. मात्र उद्योगपर्वातला तो ऋणाचा श्लोक मी आजवर पूर्वरंगात कधी घेतला नव्हता. येत्या एकादशीला तोच निरूपणाला घेणार आहे आणि त्याच्या शेजारी ‘नैव त्वम्’ही ठेवणार आहे.