मदत हवी आहे: गाडी माझ्या नावावर, क्रेडिट कार्ड नवऱ्याच्या खात्यावर (म्युनिक – साल्झबुर्ग – इंटरलाकेन)

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही दोघं आणि सासू-सासरे असे चौघं जर्मनीत म्युनिक, ऑस्ट्रियात साल्झबुर्ग आणि पुढे रेल्वेने स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला जाणार आहोत. विमान, हॉटेलं, व्हिसा सगळं मार्गी लागलंय. घोडं अडलंय ते तिकडे पैसे कसे भरायचे यावर.

मुख्य अडचण गाडीची. म्युनिकला भाड्याने गाडी घेतोय आणि ती मी चालवणार, कारण रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची नवऱ्याला धास्ती आहे (आणि तो चालवेल याची मला). बुकिंग अर्थातच माझ्या नावावर. अटींमध्ये लिहिलंय की डिपॉझिटसाठी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड काउंटरवर लागेल, डेबिट किंवा प्रीपेड चालणार नाही. माझ्याकडे आहे ते नवऱ्याच्या खात्यावरचं ॲड-ऑन कार्ड. कार्ड व्हिसा कंपनीचं आहे, नावही माझंच छापलेलं आहे. एवढं पुरतं का? कुणी असं केलंय का?

दुसरं म्हणजे खर्च. आमच्या कार्डाचा परकीय चलनाचा मार्कअप (परदेशातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) ३.५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. लाखाला ४,१३० रुपये नुसते असेच जाणार. म्हणून एजंट युरोचं फॉरेक्स कार्ड (आधीच युरो भरून न्यायचं कार्ड) घ्या म्हणून मागे लागलाय. सासरे बँकेतून निवृत्त झालेत, त्यांच्या मते सरळ रोख युरो न्यावेत, कार्डाबिर्डाच्या भानगडीत पडूच नये. नवरा म्हणतो रुपे कार्ड आहे की घरात. तिघांची तीन मतं ऐकून माझं डोकं उठलंय. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, काउंटरवरचा माणूस खातं कुणाचं ते बघत नाही, कार्डावरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळतंय का ते बघतो. त्यामुळे ॲड-ऑन सहसा चालतं. तरी कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते फोनमध्ये ठेवा.

माझ्या मते खरी मेख लिमिटची आहे. ॲड-ऑनचं लिमिट मूळ कार्डाबरोबर सामायिक असतं. डिपॉझिटची रक्कम कापली जात नाही, नुसती अडकवून ठेवतात, पण तेवढं लिमिट गेलंच. गाडी परत केल्यावरही ते सुटायला बरेच दिवस लागू शकतात. त्यात हॉटेलांनीही थोडं थोडं अडकवलं की ऐन स्वित्झर्लंडमध्ये कार्ड नकार देणार. निघण्यापूर्वी लिमिट वाढवून घ्या, किंवा डिपॉझिटला एक कार्ड आणि रोजच्या खर्चाला दुसरं ठेवा.

आणखी एक. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार बंदच असतात, आपण ॲपमधून चालू करायचे. ॲड-ऑनचं बटण अनेकदा वेगळं असतं. पिनही आत्ताच सेट करा. जर्मनीत टॅप करून ५० युरोंपर्यंत पिनशिवाय चालतं, त्यावर पिन मागतात. पेट्रोल पंपावर माणूस नसला तर मशीन पिन मागणारच.

प्रतिसाद

फॉरेक्स कार्डाबद्दल. युरो भरलेलं कार्ड जर्मनी-ऑस्ट्रियात छान, पण इंटरलाकेनला फ्रँक चालतात. तिथे युरो कार्ड वापरलंत की चलन बदलल्याचा वेगळा आकार लागतो. एजंट हे सांगणार नाही. घ्यायचंच तर अनेक चलनांचं घ्या आणि त्यात फ्रँक वेगळे भरा. शून्य किंवा दोन टक्के मार्कअपची क्रेडिट कार्डंही मिळतात, मे अजून लांब असेल तर तेच करा.

तुमच्या सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. स्वित्झर्लंडमध्ये जवळजवळ सगळीकडे कार्ड चालतं, पण जर्मनीत बेकरी, छोटी कॅफे, बाजारातले ठेले यांच्याकडे 'फक्त रोख' ही पाटी अजून दिसते. काही दुकानांत कार्ड घेतात तेही फक्त जिरोकार्ड, म्हणजे जर्मन बँकांचं डेबिट कार्ड. चौघांना पुरतील इतके युरो न्या, स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात ठेवा. क्रेडिट कार्डावर एटीएममधून पैसे मात्र काढू नका. फी लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं. रुपे तिकडे डिस्कव्हर-डायनर्स या अमेरिकी कार्डांच्या जाळ्यावर चालतं, युरोपात त्यावर विसंबू नका.

आणि मशीनवर 'रुपये की युरो' असं विचारलं तर डोळे झाकून युरो (तिकडे फ्रँक) निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर दुकानदाराच्या बाजूने ठरतो आणि बहुतेक वेळा महागच पडतो.

धागाकर्ती

खूप खूप आभार! कंपनीला मेल टाकलाय, नवऱ्याला लिमिटच्या कामाला लावलंय, सासरे 'अर्धं बरोबर' वर खूश आहेत. एकच शंका: ओटीपी नवऱ्याच्या भारतीय नंबरवर येतो. तिकडे ते सिम चालू ठेवावं लागेल का?

प्रतिसाद

हो, ठेवाच. दुकानात ओटीपी लागत नाही, पण रेल्वेची तिकिटं ऑनलाइन काढताना लागू शकतो. रोमिंग चालू करा, त्या सिमचा डेटा बंद ठेवा. येणारे एसएमएस बहुतेक कंपन्यांत फुकट असतात, तरी निघायच्या आधी आपल्या कंपनीला विचारून घ्या. इंटरनेटसाठी दुसऱ्या खाचेत तिकडचं सिम किंवा ई-सिम. आणि एखाद्या दिवशी तुम्ही दोघं वेगवेगळ्या दिशांना फिरणार असाल तर त्या दिवसाची तिकिटं आदल्या रात्रीच काढून ठेवा, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येणार ना.