व्हिएतनाम : पोट भरलं, तोंड बंदच

रानवाट : डिसेंबर १९८६ मध्ये व्हिएतनामच्या कम्युनिस्ट पक्षाने 'दोई मोई' हे आर्थिक सुधारणांचं धोरण स्वीकारलं. तेव्हा महागाई वर्षाला ७०० टक्क्यांच्या वर गेली होती. १९८८ मध्ये जमीन कसण्याचा अधिकार शेतकरी कुटुंबांकडे आला आणि पुढच्याच वर्षी हा देश तांदूळ निर्यात करू लागला. सत्ता मात्र आजही एकाच पक्षाची. पत्रकार फाम दोआन त्रांग यांना २०२१ मध्ये 'राज्यविरोधी प्रचारा'बद्दल नऊ वर्षांची शिक्षा झाली. प्रगतीसाठी एवढं सोसावंच लागतं, हे मला अजिबात मान्य नाही.

खारावारा : असहमत. १९९३ मध्ये तिथे निम्म्याहून जास्त लोक गरीब होते, २००२ पर्यंत तीस टक्क्यांच्या आत आले. त्याआधीच सोव्हिएत संघ कोसळला होता, मदत आटली होती. युद्धांनी पिळून निघालेल्या देशात तेव्हा पक्षापक्षांची भांडणं लागली असती, तर हे झालं असतं? आधी भात, मग भाषण.

रानवाट : भातावरूनच सांगतो. विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी १९६६ मध्येच सामुदायिक शेतीतली जमीन कुटुंबांना वाटून कसायला दिली. १९६८ मध्ये पक्षाने ते बंद पाडलं, त्यांना चूक कबूल करायला लावली. वीस वर्षांनी तीच वाट धोरण झाली. न्गोक तोवर वारले होते. मधली वर्षं लोक अर्धपोटी राहिले, कारण बरोबर बोलणाऱ्याला गप्प केलं होतं!

खारावारा : पण धोरण बदललं पक्षानेच ना? सरचिटणीस न्गुयेन व्हान लिन्ह १९८७ मध्ये स्वतः वर्तमानपत्रात भ्रष्टाचारावर लिहीत होते.

दर्यावर्दी : आणि १९९० मध्ये पॉलिटब्युरोतल्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळातल्या, त्रान झुआन बाक यांनी राजकीय खुलेपणाची मागणी केली, तर त्यांना काढून टाकलं. बोलण्याची ती सूट वरून मिळाली होती, वरूनच काढून घेतली.

खारावारा : सरकार अगदीच बहिरं नाही. २०१६ मध्ये फॉर्मोसा या तैवानी कंपनीच्या पोलाद कारखान्याच्या सांडपाण्याने किनाऱ्यावर मासे मेले, तेव्हा कंपनीकडून ५० कोटी डॉलर भरपाई घेतलीच.

रानवाट : मासे मेले एप्रिलमध्ये, भरपाई जाहीर झाली जूनअखेर. मधे लोक रस्त्यावर उतरले, तर पोलिसांनी त्यांनाच उचललं. यावर लिहिणाऱ्या एका ब्लॉगर बाईंना २०१७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. पैसे कंपनीने भरले, तुरुंगात त्या गेल्या. याचा भाताशी काय संबंध, ते सांगा.