नाताळच्या सुट्टीत लंडन : नातवाला घेऊन कुठे जावे आणि २५ डिसेंबरला काय करावे?

बोरूबहाद्दर

नमस्कार. मी आणि माझी पत्नी १७ डिसेंबर ते ४ जानेवारी या काळात मुलाकडे लंडनला जात आहोत. दोघांचीही ही पहिलीच खेप आहे. मुलगा पश्चिम लंडनमधल्या ईलिंगला राहतो. त्याला आणि सूनबाईंना २४ तारखेपर्यंत कामावर जावे लागणार आहे, परंतु सात वर्षांच्या नातवाच्या शाळेला १८ तारखेनंतर सुट्टी लागत असल्यामुळे सुरुवातीचे काही दिवस आम्ही दोघे आणि तो असे तिघेच असू. पत्नीचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती सावकाश पण बरेच चालते, जिने मात्र तिला नकोसे होतात.

मी वहीत जी आखणी केली आहे ती अशी : २४ पर्यंत घराच्या आसपासच राहावे. २५ तारखेला सगळ्यांना सुट्टी आहे, तेव्हा सकाळी ब्रिटिश म्युझियम, दुपारी ट्रफाल्गर चौकातले नाताळचे झाड आणि संध्याकाळी हाइड पार्कमधली जत्रा पाहावी. २६ ला नातवाच्या डायनोसॉरांसाठी नॅचरल हिस्ट्री म्युझियम आणि ३१ च्या रात्री नदीकाठची आतषबाजी. गणपती पाहायचे तर गणपतीतच बाहेर पडावे लागते, त्याच न्यायाने मी मुख्य दिवस मुख्य ठिकाणांसाठी राखून ठेवले आहेत. अनुभवी मंडळींनी या आखणीत काही चुकत असल्यास निःसंकोच सांगावे.

टेम्सकाठ

काका, आपली वही उलटी धरावी लागेल. जे दिवस आपण घरात बसण्यासाठी ठेवले आहेत तेच फिरण्याचे आहेत आणि जे फिरण्यासाठी ठेवले आहेत ते घरात बसण्याचे.

२५ डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी रेल्वे धावत नाही, बस धावत नाही, उपनगरी गाड्याही धावत नाहीत. एखादी फेरी कमी असते असे नव्हे, एकही नसते. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्ट्री आणि सायन्स म्युझियम ही तिन्ही २४, २५ आणि २६ असे सलग तीन दिवस बंद असतात, म्हणजे आपला २६ चा डायनोसॉरही कुलपात असेल. नॅशनल गॅलरी याशिवाय १ जानेवारीलाही बंद असते. हाइड पार्कमधली जत्रादेखील २५ ला मिटलेली असते. इतकेच काय, २८० चौरस मीटरांहून मोठ्या दुकानांनी त्या दिवशी उघडूच नये असा २००४ चा कायदा आहे. कोपऱ्यावरचे एखादे छोटे दुकान उघडे सापडते, पण त्यावर विसंबून राहू नये. दूध आणि भाजी २४ च्या दुपारपर्यंत घरात आलेली असावी.

माझ्या पहिल्या नाताळाला एका मैत्रिणीने जेवायला बोलावले होते. चिरोट्यांचा डबा मांडीवर घेऊन मी बसथांब्यावर पंचवीस मिनिटे बसले होते. थांब्यावरचा विजेचा फलक कोरा होता, आणि रस्त्यावर एकही वाहन नव्हते, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण सणाच्या दिवशी एवढे मोठे शहर आपल्या गाड्या बंद ठेवील ही गोष्टच मुंबईत वाढलेल्या माणसाला सुचत नाही. शेवटी कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका आजोबांनी थांबून विचारले, की तुम्ही उद्याच्या बसची वाट पाहत आहात का? तिथून मी साडेपाच किलोमीटर चालत गेले. चिरोटे पोहोचेपर्यंत त्यांचा चुरा झाला होता.

गणपतीचा न्याय इथे लागू पडत नाही, तो याचसाठी. आपला सण रस्त्यावर येतो आणि यांचा सण २५ ला घराचे दार लावून आत बसतो. रस्त्यावरचा नाताळ असतो तो नोव्हेंबरच्या मध्यापासून २३-२४ डिसेंबरपर्यंत. तेव्हा १८ ते २३ हे सहा दिवस आपले खरे दिवस समजावेत. ब्रिटिश म्युझियम आणि नॅचरल हिस्ट्री या दोन्ही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे. मात्र जाण्याची वेळ संकेतस्थळावर आधी राखून ठेवावी, म्हणजे थंडीत रांगेत ताटकळावे लागत नाही.

लाल दुमजली

टेम्सकाठ यांनी बंद दिवसांचे सांगितलेच आहे. मी दिव्यांचे आणि गुडघ्यांचे सांगतो.

त्या आठवड्यात लंडनमध्ये सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. भारतातून येणारे पाहुणे यावर हळहळतात, पण सात वर्षांच्या मुलाबरोबर फिरताना मला ही मोठीच सोय वाटते. साडेचारला पूर्ण अंधार झालेला असल्यामुळे सगळी रोषणाई पाहून सातच्या आत घरी परतता येते. सकाळी दहा ते दीड एखादे संग्रहालय, मग बसून जेवण, चारनंतर दिवे, असा क्रम ठेवल्यास पत्नीलाही मध्ये विसावा मिळेल.

रीजंट स्ट्रीटवर १९५४ पासून आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९५९ पासून नाताळची रोषणाई होत आली आहे. ही रोषणाई पायी पाहणे म्हणजे खरेदीच्या पिशव्यांचे धक्के खात जाणे. त्याऐवजी १३९ क्रमांकाची बस घ्यावी. ती रीजंट स्ट्रीटवरून, पिकॅडिली सर्कस आणि ट्रफाल्गर चौकाला वळसा घालून वॉटर्लूकडे जाते. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची बाके मिळाली तर डोक्यावर पसरलेले दिव्यांचे देवदूत काचेला टेकल्यासारखे दिसतात. नातवाला तेथेच बसवावे. एरवी शिव्या खाणारी वाहतूक कोंडी या एका फेरीत आपल्या फायद्याची ठरते. पत्नीला वर चढणे नको असल्यास त्या खाली बसू शकतात. लंडनच्या सगळ्या बसगाड्या खालच्या पायरीच्या आहेत.

गुडघ्यांच्या दृष्टीने ईलिंग हे भाग्याचे ठिकाण आहे. ईलिंग ब्रॉडवे स्थानकावरून एलिझाबेथ लाइन ही नवी रेल्वे जाते आणि तिच्या सर्व ४१ स्थानकांवर जिना न चढता रस्त्यावर येता येते. बाँड स्ट्रीटला उतरून हॅनोवर स्क्वेअरच्या दाराने बाहेर पडलात की रीजंट स्ट्रीट हाकेच्या अंतरावर आहे. ब्रिटिश म्युझियमसाठी त्याच गाडीने पुढचे टॉटनहॅम कोर्ट रोड गाठावे. भुयारी रेल्वेच्या जुन्या मार्गांवर मात्र बहुतेक स्थानकांत जिने आहेत, म्हणून निघण्यापूर्वी बिनजिन्याच्या स्थानकांचा नकाशा पाहत जावा. अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसासोबत बस आणि भुयारी रेल्वे मोफत असते.

ट्रफाल्गर चौकातले झाड पाहून पुष्कळांचा हिरमोड होतो, तेव्हा नातवाला आधी त्याची गोष्ट सांगून ठेवावी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केलेल्या मदतीची आठवण म्हणून ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी हे झाड भेट पाठवते. वीस मीटरांहून उंच असा हा स्प्रूस (सूचिपर्णी वृक्ष) असतो आणि त्यावर नॉर्वेच्या पद्धतीने पांढऱ्या दिव्यांच्या फक्त सरळ उभ्या माळा सोडलेल्या असतात. चेंडू नाहीत, चमचम नाही. दरवर्षी कोणीतरी वर्तमानपत्रात त्याला मरतुकडे म्हणतेच. मला विचाराल तर खाली उभे राहून एखाद्या हौशी गायकवृंदाची कॅरोल म्हणजे नाताळची गाणी ऐकत असताना ते झाड चांगले दिसते, आणि तसे गायन डिसेंबरात तेथे पुष्कळदा होते.

क्यू गार्डन या वनस्पती उद्यानात २०१३ पासून नाताळात दिव्यांची वाट मांडतात. सुमारे तीन किलोमीटरची चाल आहे, दीड तास सहज लागतो आणि चांगल्या वेळांची तिकिटे फार लवकर संपतात. ईलिंग ब्रॉडवेवरून ६५ क्रमांकाची बस थेट क्यूला जाते. एकच महागडी गोष्ट करायची असेल, तर मी ही करीन. पत्नीच्या गुडघ्यांना झेपेल असा दिवस त्यासाठी निवडावा.

शेकोटी

हाइड पार्कमधल्या ‘विंटर वंडरलँड’बद्दल थोडे सावधपणे सांगतो. ही जत्रा २००७ पासून भरते. आत जाण्यासाठी वेळ राखून ठेवावी लागते. कमी गर्दीच्या वेळांना प्रवेश फुकट असतो, पण आतले पाळणे, बर्फावरचे घसरणे आणि सर्कस यांचे पैसे वेगळे. शनिवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि लहान मूल प्रत्येक पाळण्यापाशी थांबते. कामाच्या दिवशी सकाळी जावे, किती पाळणे ते दारातच ठरवून घ्यावे. आमच्या मुलीने तिसऱ्या पाळण्यानंतर चौथ्यासाठी जे भोकाड पसरले ते अजून स्मरणात आहे.

३१ डिसेंबरच्या आतषबाजीबाबत : २०१४ पासून ती तिकिटाशिवाय नदीकाठून पाहता येत नाही. तिकिटे बरीच आधी संपतात, आणि मिळाली तरी दोन-तीन तास थंडीत उभे राहावे लागते, बसायला काही नसते. गुडघेदुखी आणि सात वर्षांचे मूल या दोन्ही गोष्टी लक्षात घेता घरी दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण पाहावे, असेच मी म्हणेन. तरीही कोणी गेलेच, तर रात्री पावणेबारापासून पहाटे साडेचारपर्यंत शहरातला प्रवास मोफत असतो. त्याऐवजी १ जानेवारीला दुपारी बारा वाजता पिकॅडिलीवरून निघणारी मिरवणूक पाहावी. ती १९८७ पासून निघते, रस्त्याकडेला उभे राहून फुकट पाहता येते, आणि वाद्यपथके पोराला आवडतील.

एक गोष्ट कोणीच लिहिलेली नाही, ती म्हणजे नाताळात रंगणारे पँटोमाइम हे नाटक. नावावरून मूकनाट्य वाटते, प्रत्यक्षात कमालीचा गोंगाट असतो. सिंड्रेला किंवा अलादिनची कथा, गाणी, आणि खलनायक मागून आला की सगळे प्रेक्षागृह ओरडून नायकाला सावध करते. त्यात एक थोराड बाई असते, ती नेहमी पुरुषच करतो. आपल्या वगातली मावशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. पॅलेडियम नाट्यगृहातल्या पँटोमाइममध्ये द्व्यर्थी विनोद सढळ असतात, आजोबा-नातवाने शेजारी बसून ते ऐकणे अवघड. हॅमरस्मिथच्या लिरिक नाट्यगृहात जावे. ईलिंग ब्रॉडवेवरून भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाइनने थेट हॅमरस्मिथ आहे आणि दोन्ही स्थानकांत जिना टाळता येतो.

बोरूबहाद्दर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वहीतली पाने फाडली. १८ ला विश्रांती, १९ ला कामाच्या दिवशी सकाळी जत्रा, २० ला नॅचरल हिस्ट्री, २२ ला ब्रिटिश म्युझियम आणि तेथून १३९ ची फेरी, २३ ला पँटोमाइम, असे नव्याने मांडले आहे. क्यूची तिकिटे सूनबाई पाहत आहेत. प्रश्न उरतो तो २५ चाच. मुलाकडे गाडी आहे. परंतु सगळेच बंद असेल तर जायचे कोठे?

टेम्सकाठ

गाडी आहे म्हटल्यावर २५ हा वर्षातला सर्वांत चांगला दिवस ठरतो, काका! मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचा जो गर्दीकर भरावा लागतो, तो नाताळपासून नववर्षाच्या सुट्टीपर्यंत माफ असतो, आणि एरवी मुंगीच्या पावलांनी सरकणारे रस्ते त्या दिवशी ओस असतात. गाडी उभी करताना त्या रस्त्यावरचा फलक मात्र नीट वाचावा.

सकाळी नऊपूर्वी हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तलावावर पोहोचा. तेथील पोहण्याच्या मंडळाची १०० यार्डांची शर्यत नाताळच्या सकाळी होते. १८६४ पासूनची ही परंपरा आहे आणि १९०४ मध्ये ‘पीटर पॅन’चे लेखक जे. एम. बॅरी यांनी तिला पीटर पॅन चषक दिला. उतरता येते ते सभासदांनाच, काठावरून पाहता येते सगळ्यांना. साठी उलटलेली माणसे लाल टोपी घालून त्या पाण्यात उडी घेतात आणि बाहेर आल्यावर त्यांच्या अंगातून वाफ निघत असते. नातू हे विसरणार नाही.

तेथून प्रिमरोज हिलकडे जावे. पायथ्याच्या बाजूने, किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तेथे राहत होते, आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले. आत जायचे असल्यास दुसऱ्या दिवशी वेळ पाहून यावे. परंतु दारावरचा निळा गोल फलक त्या दिवशी निवांत वाचता येतो, समोर एकही गाडी आडवी येत नाही. मग टेकडीवर चढावे. पत्नीला चढ नको असल्यास त्या गाडीत बसोत, बाकीच्यांनी पाच मिनिटांत वरून सारे शहर पाहून यावे. साडेतीनपर्यंत मात्र खाली उतरा, कारण चारपासून अंधारू लागते.

बोरूबहाद्दर

पत्नी म्हणते, ती टेकडी हळूहळू चढेल, पण गाडीत बसणार नाही. लिरिकची चार तिकिटे २३ च्या दुपारच्या खेळाची मिळाली. सूनबाईंनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली आहे. थर्मासमध्ये चहा नेला तर त्या तलावाकाठी कोणी हरकत घेत नाही ना, एवढेच सांगावे.

टेम्सकाठ

मुळीच नाही. दोन थर्मास न्या.