एन२८ + एन७८ : एससेल ॲक्टिव्हेट व्हायला १०० मिलिसेकंदांच्या वर का जातात?

रामकुंड_आरएफ:
सिंहस्थाची गर्दी डोळ्यांसमोर ठेवून पंचवटीतल्या साइट्सचं ट्यूनिंग चालू आहे. फाइव्ह-जीचा पीसेल (मुख्य सेल) एन२८ बँडवर (सबकॅरिअर १५ किलोहर्ट्झ), एससेल (जोडीचा दुय्यम सेल) एन७८ बँडवर (३० किलोहर्ट्झ). एसएसबी (सेलचा सिंक सिग्नल) दर २० मिलिसेकंदांनी, एसएमटीसी (हँडसेटने एसएसबी मोजायची खिडकी) दर ४०, एससेलचं मेझरमेंट सायकल ६४०, पिरिऑडिक सीएसआय (चॅनलच्या स्थितीचा रिपोर्ट) ८० स्लॉट (वेळेचे तुकडे), डीॲक्टिव्हेशन टायमर (वापर नसला की एससेल बंद करणारा) ३२०. एससेल ए४ रिपोर्टवर (सेलचा सिग्नल ठरलेल्या पातळीच्या वर गेल्याचा रिपोर्ट) ॲड होतो. मॅक सीई (ॲक्टिव्हेशनचा आदेश) गेल्यापासून पहिला कामाचा सीक्यूआय (सीएसआयमधला चॅनलच्या दर्जाचा आकडा) येईपर्यंत बहुतेक वेळा १०० मिलिसेकंद उलटून जातात. यूपीआयचा व्यवहार किंवा व्हॉट्सॲपचा फोटो तोवर पीसेलवरच उरकतो, एन७८ रिकामा. एसएसबी १० वर आणावी का?

स्लॉटमोजणी:
एसएसबीला आत्ता हात लावू नका, ओव्हरहेड वाढेल आणि मूळ अडचण तशीच राहील. आधी सीएसआय बघा. रिपोर्ट पीसेलच्या पीयूसीसीएचवरून (अपलिंकचा कंट्रोल चॅनल) जातो, म्हणून त्याचे स्लॉट एन२८च्या १५ किलोहर्ट्झने मोजले जातात. तुमचे ८० स्लॉट म्हणजे पूर्ण ८० मिलिसेकंद, ४० नव्हेत. एन७८वरचा सीएसआय-आरएस (ज्यावरून सीएसआय काढतात तो सिग्नल) मात्र ३० किलोहर्ट्झच्या स्लॉटमध्ये मोजायचा; एकाच टेम्प्लेटमध्ये दोन्ही आकडे भरले की गफलत होते. रिपोर्ट २० स्लॉटवर आणा. पीयूसीसीएचमध्ये तेवढी जागा नसेल तर ॲक्टिव्हेशननंतर लगेच डीसीआयमधून (डाउनलिंकचा कंट्रोल मेसेज) अपिरिऑडिक (मागितल्यावरच येणारा) सीएसआय मागवा. मला हाच मार्ग जास्त पटतो, कारण गर्दीत पीयूसीसीएच आधी भरतो.

दुसरं, एसएमटीसी. हँडसेट एसएमटीसीच्या खिडकीतल्याच एसएसबीची वाट बघतो. एसएसबी २०ची आणि एसएमटीसी ४०ची, म्हणजे निम्म्या एसएसबी ॲक्टिव्हेशनच्या हिशेबात नाहीतच. एसएमटीसी २० करा आणि एससेल ॲड करतानाच्या मेसेजमध्येही तोच द्या.

सातपूरकर:
वरच्या उत्तरात भर. सेल 'नोन' (हँडसेटने नुकताच मोजून कळवलेला) आहे की 'अननोन', यावर सगळ्यात मोठा फरक पडतो. एफआर१मध्ये (खालच्या फ्रिक्वेन्सी, तुमचे दोन्ही बँड यातच) एचएआरक्यूचा (मॅक सीईच्या पोचपावतीचा) वेळ आणि सीएसआयचा वेळ सोडून मधला टप्पा असा : नोन आणि मेझरमेंट सायकल १६० पर्यंत असेल तर पहिली एसएसबी + ५ मिलिसेकंद. सायकल १६०च्या वर असेल तर एजीसीसाठी (रिसीव्हरचा गेन जुळवण्यासाठी) आणखी एक एसएमटीसी लागतो. अननोन असेल तर पहिल्या एसएसबीवर आणखी तीन एसएमटीसी. तुमच्या ४०च्या एसएमटीसीने अननोन सेलला जास्तीत जास्त १६५ मिलिसेकंद जाऊ शकतात. एसएमटीसी २०, सायकल १६० आणि सेल नोन असेल तर २५.

नोन राहण्याची अट : ॲक्टिव्हेशनच्या आधी पाच मेझरमेंट सायकल किंवा पाच डीआरएक्स सायकल (बॅटरी वाचवायला रिसीव्हर अधूनमधून बंद ठेवण्याचं चक्र), यांपैकी जे मोठं असेल तेवढ्या वेळात त्या सेलचा रिपोर्ट आलेला हवा. ए४चा रिपोर्ट ॲड होताना एकदाच येतो. तुमच्या ६४०च्या सायकलला ती मुदत ३.२ सेकंद, त्यानंतर सेल अननोन. नुसतं सायकल १६० केलंत तर मुदत ८०० मिलिसेकंदांवर येते (डीआरएक्स १६०पेक्षा लांब नसेल तर) आणि जास्त सेल अननोन होतात. म्हणून सायकल १६० करताना ६४० मिलिसेकंदांचा पिरिऑडिक रिपोर्टही लावा.

रामकुंड_आरएफ:
एवढ्या रिपोर्टिंगने बॅटरीवर आणि एन२८च्या अपलिंकवर ताण येईल ना?

सातपूरकर:
येईल. म्हणून सरसकट लावू नका, ज्यांच्या बफरमध्ये वरचेवर डेटा येतो त्यांनाच लावा. बाकीच्यांना ६४०च ठेवा.

स्लॉटमोजणी:
डीॲक्टिव्हेशन टायमरही ३२० वरून ६४० किंवा १२८० करून बघा. एससेलवर ग्रँट (अपलिंकची वाटणी) किंवा असाइनमेंट (डाउनलिंकची वाटणी) आली की तो पुन्हा सुरू होतो, त्यामुळे लागोपाठच्या छोट्या बर्स्टमध्ये सेल चालूच राहतो आणि ॲक्टिव्हेशनची वेळच येत नाही. बॅटरीची चिंता असेल तर मानकाच्या रिलीज १६मधला डॉर्मंट बीडब्ल्यूपी (सुप्त बँडविड्थ भाग) वापरा : सेल ॲक्टिव्ह राहतो, सीएसआय चालू राहतो, पीडीसीसीएच (डाउनलिंकचा कंट्रोल चॅनल) ऐकणं बंद होतं आणि डीसीआयने परत उठवता येतो. कनेक्शन रिझ्यूम होताना रिलीज १६चंच डायरेक्ट ॲक्टिव्हेशन आहे. आरआरसी मेसेजमध्येच (कनेक्शनची मांडणी देणारा मेसेज) एससेल ॲक्टिव्ह म्हणून द्यायचा, मॅक सीईची फेरी वाचते. रिलीज १७मध्ये मॅक सीईबरोबर तात्पुरता टीआरएस (ट्रॅकिंग सिग्नल) पाठवता येतो, मग एसएसबीची वाट बघावी लागत नाही.

पण ही तिन्ही फीचर्स हँडसेटच्या क्षमतेवर अवलंबून आहेत. आधी तुमच्या साइट्सवरच्या यूई (हँडसेट) कॅपेबिलिटी मेसेजमधून मोजून घ्या की किती हँडसेट ती जाहीर करतात. सीएसआय आणि एसएमटीसीचे बदल मात्र आजच करता येतील. एकदम दोन्ही नको; आधी सीएसआय बदलून लॉग घ्या, मग एसएमटीसी, म्हणजे कोणत्या बदलाने किती वेळ वाचला ते वेगळं दिसेल.