मदत हवी आहे: घरासाठी छोटा डेस्कटॉप घ्यावा का?

राम राम मंडळी, भुसावळहून विचारतोय. घरी एक कॉम्प्युटर घ्यायचाय, पोरीचा अकरावीचा अभ्यास, आईला किर्तनं बघायला आणि माझा केळीचा हिशोब, सातबारा काढणं, बस एवढंच. गेम कोणी खेळत नाही. लॅपटॉप नको वाटतो कारण पोरगी तासन् तास मान खाली घालून बसते, डेस्कटॉपला मोठी स्क्रीन डोळ्यासमोर येते आणि कीबोर्ड बिघडला तर तेवढाच बदलता येतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मोठा डबा ठेवायला जागा नाही म्हणून मिनी पीसी बघतोय, तो मॉनिटरच्या मागे पण लावता येतो म्हणे. नवीन घेतला तर इंटेल एन100 वाला, प्रोसेसर 6 वॅटचा, इन्व्हर्टरवर आरामात चालेल. दुसरा पर्याय म्हणजे ऑफिसातून निघालेला सेकंडहँड डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा लेनोवोचा टायनी, इंटेल आय5 8500टी प्रोसेसरवाला, त्यात 6 कोर आहेत आणि रॅम नंतर वाढवता येते, पण तो प्रोसेसर 35 वॅटचा. इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या (8500टी त्यातलाच) खालचा प्रोसेसर घेणार नाही, त्यावर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मधे संपला.

खरी काळजी उन्हाची आहे. मे महिन्यात इथं पारा 45 च्या पुढे जातो, घरात कूलर असतो म्हणजे दमट हवा, वरून धूळ. अशात एवढासा डबा टिकतो का? जळगाव-धुळ्याकडे कोणी वापरत असेल तर प्लीज सांगा, आणि 8 जीबी रॅम पुरेल की 16 च घ्यावी?