२४ तासांच्या लघवीत फक्त सायट्रेट कमी. मुतखडा मात्र तिसऱ्यांदा

फॅमिली डॉक्टर, तासगाव
पुरुष, वय ३८, वजन ७२ किलो, दिवसभर द्राक्षबागेत काम. सहा वर्षांत तिसरा मुतखडा. शेवटचा खडा दुर्बिणीने काढून तीन आठवडे झाले. खडा तपासला, कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. मागच्या रविवारी ॲसिड घातलेल्या कॅनमध्ये २४ तासांची लघवी जमा केली. रिपोर्ट असा: एकूण लघवी ९०० मिली, क्रिएटिनिन ७८० मि.ग्रॅ., कॅल्शियम १६०, ऑक्झलेट २४, सायट्रेट १९०, युरिक ॲसिड २६० मि.ग्रॅ., सोडियम ११० मिलिमोल, पीएच (आम्लतेचं माप) २. रक्तातलं कॅल्शियम १०.४. सायट्रेट (खडा होऊ न देणारा घटक) कमी दिसतंय म्हणून पोटॅशियम सायट्रेट सुरू करावं का? बाकी सगळं मर्यादेत आहे.

लॅब टेक्निशियन, मिरज
डॉक्टर, आधी क्रिएटिनिन बघा. स्नायूंमधून रोज जवळपास ठरावीक प्रमाणात येणारा हा पदार्थ, त्यावरून लघवी पूर्ण जमा झाली का ते कळतं. पुरुषाच्या २४ तासांच्या लघवीत किलोमागे साधारण १८ ते २४ मि.ग्रॅ. क्रिएटिनिन यायला हवं. ७२ किलोला किमान १३०० च्या आसपास. इथे ७८० आहे, किलोमागे जेमतेम ११. म्हणजे निदान ४० टक्के लघवी कॅनपर्यंत पोचलेलीच नाही. त्या हिशेबाने कॅल्शियम १६० नाही, २६० च्या पुढे जातं, आणि तुम्हाला कमी वाटलेलं सायट्रेट ३२० च्या किमान मर्यादेजवळ येतं. रिपोर्टचा अर्थच उलटतो. पण या गुणाकारावर औषध ठरवू नका, तपासणी परत करा.

पीएच २ हा कॅनमधल्या ॲसिडचा आहे, पेशंटचा नाही. पीएच सकाळच्या ताज्या लघवीवर, ॲसिड न घालता, लगेच बघायचा. युरिक ॲसिडही त्याच कॅनमधून केलेलं दिसतंय. ॲसिडमध्ये त्याचे स्फटिक होऊन तळाला बसतात आणि आकडा खोटा कमी येतो. कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेटला ॲसिड लागतं, युरिक ॲसिडला चालत नाही. म्हणून लॅबला आधी विचारा: दोन वेगळे कॅन देणार, की साधी लघवी थंड ठेवून आणल्यावर तिथे दोन भाग करणार?

आणखी एक चूक नेहमी होते. पूर्ण कॅन न आणता घरीच वरची लघवी छोट्या बाटलीत ओतून आणतात. तळातलं कॅल्शियम आणि ऑक्झलेट घरीच राहतं. पूर्ण कॅन आणा, लॅबमध्ये नीट ढवळून, एकूण मिली मोजून मगच नमुना काढायला सांगा. आकडा डेसिलिटरमागे मोजून एकूण व्हॉल्यूमने गुणतात. कॅल्शियम १४ मि.ग्रॅ. आणि लघवी २१ डेसिलिटर, तर २९४. व्हॉल्यूम अंदाजाने लिहिलं की सगळा रिपोर्ट अंदाजाचा.

युरोलॉजी, सांगली
वरच्या मुद्द्यांशी पूर्ण सहमत. शिवाय तीन आठवडे ही घाई झाली. खडा पडल्यावर किंवा काढल्यावर निदान सहा आठवडे थांबा. आत स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवलेली नळी) असेल तर तो निघू द्या, इन्फेक्शन असेल तर बरं होऊ द्या. या काळात माणूस धास्तीने तांब्या-तांब्याने पाणी पितो, मीठ सोडतो. मग जी लघवी तपासली जाते ती खडा होणाऱ्या माणसाची नसतेच.

रविवारबद्दलही तेच. घरी बसलेल्या दिवशीची लघवी आणि एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी करतानाची लघवी यांत फार फरक असतो. दोनदा जमा करा, एक कामाच्या दिवशी, एक सुट्टीच्या.

रक्तातलं कॅल्शियम १०.४ वरच्या काठाला आहे. पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनची रक्ततपासणी) केल्याशिवाय पुढे जाऊ नका. पॅराथायरॉइडची गाठ असेल तर नुसत्या गोळ्यांनी खडे थांबणार नाहीत. सोबत बायकार्बोनेट आणि पोटॅशियमही बघा. बायकार्बोनेट कमी आणि लघवीचा पीएच सतत ६ च्या वर असेल तर रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिसचा (मूत्रपिंड आम्ल नीट बाहेर टाकत नाही असा आजार) विचार करावा लागतो. मायग्रेन किंवा फिटसाठी टोपिरामेट चालू आहे का, हेही विचारा. त्याने सायट्रेट खरंच खाली येतं.

आहारतज्ज्ञ, सातारा
जमा करायच्या दिवशी पथ्य नको. रोज भडंग, लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्याने त्या दिवशीही तेच खावं. बंद करायचं ते क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या, कारण त्याचं ऑक्झलेट होतं. हळदीच्या कॅप्सूल घेत असतील तर तशी नोंद करा, त्यांनीही ऑक्झलेट वाढतं. भाजीतली चिमूटभर हळद त्यात धरू नका.

सोडियमचा आकडा वाया घालवू नका. १०० मिलिमोल म्हणजे जवळपास ६ ग्रॅम मीठ. मीठ जास्त गेलं की मूत्रपिंड सोडियमबरोबर कॅल्शियमही सोडतं. आणि दूध-दही तोडायला सांगू नका, ही चूक फार होते. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. ते कमी केलं की ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत जातं.

फॅमिली डॉक्टर, तासगाव
पटलं. पोटॅशियम सायट्रेट सध्या सुरू करत नाही, पीटीएच पाठवतो. बागेत असताना लघवी जमा कशी करायची, तेवढं सांगा.

लॅब टेक्निशियन, मिरज
सकाळी सहाला उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. तिथून पुढची प्रत्येक थेंबासकट जमा करायची. दुसऱ्या दिवशी सहाची पहिली लघवी कॅनमध्ये घेतली की संपलं. शौचाला जाण्याआधी लघवी मगात घ्यायची, बहुतेकांची तिथेच निसटते. बागेत घट्ट झाकणाची वेगळी बाटली न्यायची, सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि घरी आल्यावर कॅनमध्ये ओतायची. ॲसिडच्या कॅनमध्ये थेट लघवी करू नये, मगातून हळू ओतावी. अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवावं. पोरांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. तीन लिटरला पुरेल एवढा कॅन घ्या. एखादी लघवी चुकलीच तर कॅन ओतून द्या आणि लॅबकडून नवा घेऊन दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करा.