शहरातल्या प्रवासात मौज हवी की नुसती वेळेवर बस?

पायउतार (धागाकर्ता)

शहरातल्या वाहतुकीवर बोलायला बसलं की दोनच प्रश्न निघतात: वेळ किती लागला आणि पैसे किती पडले. जाताना माणसाला बरं वाटलं का, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. माझं म्हणणं असं की तो असावा. दोन पर्याय उन्नीस-बीस असतील, तर ज्यात मजा येते तो बांधावा. ही चैन नाही.

नॉर्वेतल्या ट्राँडहाइम शहरात ब्रुबाक्केन नावाचा एक उभा चढ आहे. 1993 साली तिथे सायकलवाल्यांसाठी लिफ्ट बसवली. लिफ्ट म्हटल्यावर खोली डोळ्यांपुढे येते, पण इथे रस्त्याच्या कडेला जमिनीत फक्त एक लांबलचक खाच दिसते आणि दोर तिच्या आत फिरतो. बटण दाबायचं, उजवा पाय खाचेतून वर येणाऱ्या पायपट्टीवर, डावा सायकलच्या पेडलवर, उजवा गुडघा ताठ, अंग किंचित पुढे. पट्टी पायाला रेटते आणि सायकलीसकट माणूस 130 मीटर चढून जातो. गुडघा वाकवला की संपलं, म्हणून नवख्याचा तोल हमखास जातो आणि बघ्यांची करमणूक होते. पण घाम न गाळता चढ संपतो हेही खरंच ना?

जर्मनीत वुपरटालला तर 1901 पासून लोक लटकत्या गाडीने कामावर जातात. दरी चिंचोळी, रस्त्यालाच जागा पुरेना, तर रूळ कुठे टाकणार? मग बराचसा नदीच्याच डोक्यावर पोलादी कमानी उभारून 13.3 किलोमीटरचा मार्ग नेला. डबे वरच्या एकाच रुळाला टांगलेले, वळणावर बाजूला झुलतात. 1950 मध्ये एका सर्कशीने जाहिरातीसाठी टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू डब्यात चढवलं. ते बिथरलं, डब्याची बाजू फोडून थेट खाली नदीत. खरचटण्यावर निभावलं, आणि टुफी त्या शहराची लाडकी झाली ती आजतागायत.

हाँगकाँगचे सरकते जिने घ्या. 1993 पासून डोंगरउतारावरच्या वस्तीतून खाली कचेऱ्यांच्या भागापर्यंत 800 मीटर, एकापुढे एक. सकाळी सहा ते दहा खाली, मग मध्यरात्रीपर्यंत वर. लोकांची दिशा बदलली की यंत्राची बदलते. दुकानं, खिडक्या, गल्ल्यांची तोंडं बघत माणूस उभ्या उभ्या घरी पोचतो.

"आधी खड्डे बुजवा" हा प्रतिसाद येणार आहेच. तो गृहीत धरलाय, त्यामुळे टंकायचे कष्ट घेऊ नयेत.

---

हिशेबनीस

खड्डे राहू द्या. मी म्हणतो, बस वाढवा.

तुम्ही यशस्वी झालेले तीन नमुने निवडून आणलेत. उरलेल्यांची यादी कोण देणार? लंडनमध्ये 2012 साली थेम्सवरून केबल कार सुरू झाली. दृश्य झकास. पण ज्युबिली लाइनची मेट्रो जवळजवळ तोच पल्ला नदीखालून एका स्टेशनात उरकते, त्यामुळे रोज कामाला जाणारा तिकडे फिरकला नाही. सिडनीची मोनोरेल 1988 मध्ये आली, एकाच दिशेने गोल फिरत राहिली आणि 2013 मध्ये बंद करून उतरवली. एका स्टॉपने मागे जायचं असेल तर अख्खी प्रदक्षिणा!

पॅरिसची गोष्ट तर मासलेवाईक आहे. मोंपार्नास स्टेशनात 2002 साली वेगवान सरकता पट्टा बसवला, ताशी 12 किलोमीटरचा. साधा पट्टा ताशी तीनच्या आसपास चालतो. नव्यावर चढण्यासाठी आधी रोलरवरून पाऊल न उचलता घसरत जायचं, मग पट्ट्यावर, आणि शेवटी पुन्हा रोलर. लोक आपटायला लागले. वेग नऊवर आणला, सूचना द्यायला माणसं उभी केली, तरी 2009 मध्ये गाशा गुंडाळावा लागला. आता तिथे साधा पट्टा आहे. कुणाची तक्रार नाही, कुणाला आठवणही नाही.

वाहतूक कंटाळवाणी असते तेव्हाच ती चांगली चाललेली असते.

---

पायउतार

@हिशेबनीस, लंडनची केबल कार नको त्या जागी बांधली म्हणून फसली, गंमतीची होती म्हणून नव्हे. तीच केबल कार बोलिव्हियातल्या ला पाझला बघा. 2014 मध्ये सुरुवात, आज दहा मार्ग, 30 किलोमीटरहून जास्त जाळं. खाली ला पाझ, वर कड्यावर एल आल्तो, मध्ये शेकडो मीटरची उभी चढण आणि तुंबलेले नागमोडी रस्ते. तिथे दहा माणसांची केबिन काही सेकंदांच्या अंतराने येत राहते. वेळापत्रक नाही, कारण लागतच नाही. तुमची बस तिथे गेली तर पहिल्याच वळणावर अडकेल.

---

तिरपी_गल्ली

दोघेही ज्यांचे पाय धड आहेत त्यांच्यापुरतंच बोलताय.

माझी आई चाकाच्या खुर्चीत असते. तिच्यासाठी हाँगकाँगचा तो जिना म्हणजे 800 मीटरची भिंत. सायकल-लिफ्टबद्दल बोलायलाच नको. जर्मनीत पॅटरनॉस्टर नावाच्या जुन्या लिफ्ट आहेत: दारं नाहीत, थांबत नाहीत, उघड्या खणांची माळ एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली फिरत राहते, तुम्ही चालत्या खणात पाऊल टाकायचं. 2015 मध्ये सरकारने नियम आणला की त्या फक्त शिकवलेल्या कर्मचाऱ्यांनीच वापराव्यात. लोकांनी असा काही गहजब केला की नियम मागे घ्यावा लागला. आमची मौज हिरावू नका म्हणे! त्या माळेसमोर उभं राहून कुणाकुणाला परत जावं लागत असेल, हा प्रश्न मौजेच्या बाजूने फारसा कुणी विचारत नाही.

आता पायउतार यांच्या बाजूचं एक. केबल कारची केबिन स्टेशनात दोरापासून सुटी होऊन अगदी संथ सरकते, आणि तिची जमीन फलाटाच्या पातळीला असते. गरज पडली तर थांबवताही येते. असं काही असेल तर आईही मजेत बसेल, बाहेर बघेल, आणि मग तिला उतरवायला मलाच विनवण्या कराव्या लागतील. म्हणजे मौज हवीच. पण आत शिरता येतं का हे आधी, झुलतं का हे नंतर.

---

सांधेबदल

+१ तिरपी_गल्ली.

मी देखभालीच्या बाजूने बोलतो, कारण या असल्या चर्चांत तो माणूस कायम गैरहजर असतो.

वुपरटालचं कौतुक वर झालंच आहे. पुढचं ऐका. नोव्हेंबर 2018 मध्ये गाडीला वीज पुरवणारी पट्टी शेकडो मीटर लांबीत निखळून खाली पडली. पुढच्या वर्षी ऑगस्ट उजाडेपर्यंत सेवा ठप्प. नशिबाने प्रवाशांना काही झालं नाही. पण असल्या गाड्या जगात मोजक्याच असण्याचा अर्थ असा की सुटा भाग बाजारात मिळत नाही, शेजारच्या शहराकडून डबा उसना आणता येत नाही. बस बिघडली तर दुसरी लावतात. इथे महिनोन् महिने लोकांना बसनेच नेलं, हे विशेष.

दुसरं उदाहरण द्यायला जीव होत नाही, पण देतो. लिस्बनचा ग्लोरिया फ्युनिक्युलर, 1885 पासूनचा. उतारावर दोन डबे एकाच दोराने जोडलेले, एक खाली येताना दुसऱ्याला वर ओढतो. रंगवलेले, गोंडस, प्रत्येक पोस्टकार्डावर. 3 सप्टेंबर 2025 ला दोर एका डब्याच्या जोडणीपाशी सुटला. नुसत्या ब्रेकला तो डबा पेलवला नाही आणि वळणावरच्या इमारतीवर तो आदळला. 16 माणसं गेली. त्यात पर्यटक होते तसे तिथलेही होते.

जुनं बांधकाम गोजिरं दिसायला लागलं की त्याला यंत्र म्हणून तपासणाऱ्याचा आवाज बारीक होतो. पर्यटन खातं म्हणतं ठेवा, वारसावाले म्हणतात मूळ रूप बदलू नका, आणि रात्री कंदील घेऊन दोर बघणाऱ्याचा पगार मात्र कुणाच्याच अंदाजपत्रकात वाढत नाही. चिलीत वाल्पाराइसोला 1883 पासून असे टेकडीचे पाळणे बांधत गेले, तीसच्या घरात. त्यांतले कित्येक वर्षानुवर्षं बंद पडून आहेत. वर राहणारी माणसं मात्र तिथेच आहेत आणि ती पायऱ्या चढतात.

---

रेंगाळू

एवढे गंभीर का झालात सगळे? मौजेला यंत्र लागतंच असं कुणी सांगितलं?

स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला उन्हाळ्यात लोक ऱ्हाइन नदीतून पोहत जातात. माशाच्या आकाराची जलरोधक पिशवी असते. कपडे, चपला, किल्ल्या आत टाकायच्या, तोंडाची कड सात वेळा गुंडाळून क्लिप लावायची. आत हवा राहिली की पिशवी तरंगते आणि हाताखाली धरायला बरी पडते. प्रवाह नेतो तिकडे जायचं, काठाला लागलं की कपडे चढवून चालू पडायचं. दोर नाही, डबा नाही, निविदा तर नाहीच. लागते फक्त ज्यात उतरावंसं वाटेल अशी नदी. तेवढीच जमवा.

---

हिशेबनीस

@रेंगाळू, "तेवढीच" हा शब्द आवडला. नदी स्वच्छ करणं सगळ्यात महाग असतं.

मुद्द्यावर येतो. मौज मोजायची कशी, याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. स्टॉकहोमचा पियानो जिना सगळ्यांनी पाहिला असेल: 2009, ओडेनप्लान स्टेशन, पायरीवर पाय ठेवला की सूर. नेहमीपेक्षा 66 टक्के जास्त लोकांनी जिना निवडला म्हणे. पण तो फोक्सवॅगनच्या जाहिरात मोहिमेचा भाग होता आणि थोड्याच दिवसांपुरता होता. नवी नवलाई ओसरल्यावर रोज सकाळी आठ वाजता तेच सूर ऐकणाऱ्याचं मत त्या व्हिडिओत नाही.

---

भरतीओहोटी

मोजलंय की. रेडमंड आणि मोख्तारियन या दोन संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या नोकरदारांना विचारलं की घर ते कचेरी आदर्श वेळ किती असावा. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेलं उत्तर सरासरी 16 मिनिटांच्या आसपास होतं. शून्य म्हणणारे अगदी थोडे. म्हणजे प्रवास हा नुसता कापून टाकायचा वेळ आहे, हे गृहीतकच लंगडं आहे. माणसाला घर आणि काम यांच्या मधे काहीतरी हवं असतं.

आणि ते मधलं काहीतरी कसं असावं, तर माझं मत बोटीला. हाँगकाँगचीच स्टार फेरी घ्या. बाकांची पाठ उलटसुलट करता येते. बोट परत निघाली की खाडकन् पाठ फिरवायची आणि पुन्हा तोंड पुढे करून बसायचं. बोट वळवायची गरजच नाही. 1966 मध्ये तिच्या पहिल्या वर्गाचं भाडं पाच सेंटने वाढवायचं ठरलं तर शहरात दंगली झाल्या होत्या. तेव्हा ती मौज नव्हती, तिच्यावाचून अडायचं. पुढे 1972 ला बोगदा आला, 1980 ला खाडीखालून मेट्रो आली, आणि आता कुणाचंच अडत नाही. तरीही लोक बसतात. @हिशेबनीस, अडत नसताना माणूस काय निवडतो, हेच मोजमाप धरा ना.

---

सांधेबदल

बोट मान्य. तिचा नांगर तुटला तर डोंगरावरून घरंगळत नाही.

---

तिरपी_गल्ली

@भरतीओहोटी, 16 मिनिटं ज्याला बसायला जागा मिळते त्याची. एक हात दांड्याला, दुसऱ्यात पिशवी आणि मानेवर कुणाचा तरी श्वास अशी 16 मिनिटं कुणी आदर्श म्हटली असती?

कोलंबियातल्या मेदेयीनचं उदाहरण अजून कुणी काढलं नाही, म्हणून मी काढते. तिथल्या कोमुना 13 या डोंगरवस्तीत 2011 साली उघड्यावर सरकते जिने बसवले. पूर्वी सिलिंडर, धान्य, आजारी माणूस, सगळं शेकडो पायऱ्यांवरून पाठीवर. जिन्यांनी ते कष्ट खरोखर कमी केले. मग भिंती रंगल्या, पर्यटक आले, आणि आता गर्दीच्या वेळी त्याच जिन्यावर फोटो काढणारे उभे असतात. वस्तीला उत्पन्नही मिळालं, नाही असं नाही. पण भाजी घेऊन वर जाणाऱ्या बाईने बाजूला व्हायचं की फोटोवाल्याने, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही.

---

पायउतार

तिरपी_गल्ली यांनी नेमकी दुखरी जागा दाबली. मग मी एकच चाचणी सुचवतो: रोजच्या प्रवाशाचा महिन्याचा पास त्या वाहनात चालतो का? न्यूयॉर्कला रूझवेल्ट बेटावर जाणारी केबल कार 1976 पासून आहे आणि तिला भुयारी रेल्वेचंच भाडं पडतं. ती वाहतूक. वेगळं, महागडं तिकीट असेल तर तो जत्रेतला पाळणा. त्याला जनतेचा पैसा देऊ नये. @हिशेबनीस, इथे तरी आपलं जमेल?

---

हिशेबनीस

जमत आलं होतं. पण तुमच्या चाचणीत सॅन फ्रान्सिस्कोची केबल कार (ही हवेतली नव्हे, रस्त्यातल्या रुळांवरून जमिनीखालच्या दोराने ओढली जाणारी) पास होते. सुट्या फेरीचं भाडं बसच्या दुपटीहून जास्त, पण महिन्याचा पास चालतो. प्रत्यक्षात पॉवेल स्ट्रीटच्या टोकाला पर्यटकांची रांग एवढी की पासवाला रांग बघूनच चालायला लागतो. पास खिशात, जागा नाही. अशा पासला काय चाटायचंय?

---

पायउतार

म्हणून तिथला माणूस पॉवेलच्या वाटेला जात नाही. कॅलिफोर्निया स्ट्रीटचा मार्ग धरतो. त्याच जमान्यातला दोर, तसाच चढ, बाहेरच्या फळीवर दांडा धरून उभं राहायची तीच गंमत, आणि गर्दी त्या मानाने कमी. पर्यटकांना हे सहसा ठाऊक नसतं.

---

हिशेबनीस

नसतं म्हणताय, आणि जाहीर धाग्यात लिहून ठेवताय!